परसातली विहीर आणि मागची खोली



मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडी आमच्या केंद्रात एक फोन आला. बाई दर्यापूरकडच्या होत्या. आवाज घाईचा, मागे कुकरच्या शिट्ट्या. म्हणाल्या, "बाई, लेकाचं लगन हाये उन्हाळ्यात. मांगं एक खोली काढाची हाये, न्हानी-संडास जोडून. पन परसात इहीर हाये, आज्यासासऱ्याच्या येळची. मिस्त्री म्हन्ते, बुजवून टाका, मोकळी जागा भेटन. सासूबाई म्हन्ते, माह्या जीवात जीव हाये तवर इहिरीले हात नाई लावू देनार. मी काय करू सांगा."

आम्ही त्या दिवशी काहीच सांगू शकलो नाही. पत्ता लिहून घेतला, पुढच्या आठवड्यात येतो म्हणालो. पण प्रश्न डोक्यातून जाईना, कारण तो एकट्या त्या बाईंचा नव्हता. आमच्यापैकी दोघींच्या माहेरी हेच झालं होतं. एकीच्या घरची विहीर आता स्वयंपाकघराच्या फरशीखाली आहे. म्हणून आजच्या भाषणात थोडं मागे जाऊन बघू या, की विहीर आणि घर इतकी एकमेकांना खेटून आली तरी कशी. आधीच सांगून टाकतो, विहीर घराजवळ आलेली नाही. ती होती तिथेच आहे. घर तिच्याजवळ गेलं.

वऱ्हाडातलं जुनं गाव डोळ्यांपुढे आणा. मधोमध पाटलाची किंवा देशमुखाची मातीची गढी. तिच्या अंगाखांद्याला धाब्याची घरं, म्हणजे वर मातीचं सपाट छत. वस्तीच्या जागेला पांढरी म्हणायचं आणि भोवतालच्या शेतांना काळी. मोठ्या वाड्यात मागच्या चौकात आड असायचा. आड म्हणजे तोंडाला अरुंद, पायऱ्या नसलेला, पोहरा सोडून पाणी काढायचा. शेतातली विहीर मोठी. तिला मोट, बैलांना उतरायला धाव, पाणी ओतायला थारोळं. आणि गावची पिण्याची विहीर बहुधा वस्तीच्या कडेला, नाल्याच्या अंगाला. तिथं डोक्यावर गुंड आणि कमरेवर घागर घेऊन आपल्या आज्या, पणज्या पहाटे अंधारात जायच्या.

जागा कोण ठरवायचं? पाणाड्या. आणि वऱ्हाडात पाणाड्यापेक्षा वरचढ एक गोष्ट होती, ती म्हणजे पूर्णेचा खारपाण पट्टा. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर या भागांतल्या बायांना खारपाण म्हणजे काय ते सांगायला नको. पूर्णेनं हजारो वर्षं आणून टाकलेला गाळ, त्यात मुरलेले क्षार, आणि त्यातून झिरपणारं मचूळ पाणी. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहा फाटतो. अशा मुलखात जिथं गोडं पाणी लागलं ती जागा सोन्याची. विहीर कुठं खणायची हे घराच्या सोयीनं ठरत नव्हतं, पाण्याच्या मर्जीनं ठरत होतं. म्हणूनच त्या सासूबाई "हात लावू देणार नाही" म्हणतात तेव्हा आम्हाला तो हट्ट वाटत नाही. खारपाणात गोडी विहीर बुजवायची म्हणजे काय, हे त्यांच्या डोक्याला पडलेल्या टकलाला विचारा. घागरी वाहून वाहून तिथले केस गेलेले असतात.

याच दर्यापूर तालुक्यात महिमापूर आहे. तिथली सात मजली पायविहीर ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी जरूर बघावी. दगडात बांधलेली, चौकोनी, पायऱ्या उतरत उतरत थेट पाण्यापर्यंत जायचं. बाहेरून येताना काही दिसतही नाही, सपाट शेतात एकदम जमीन उघडते. ती बांधली तेव्हा कुणाच्या न्हाणीचं पाणी तिच्यात मुरायचा प्रश्नच नव्हता. पण पायऱ्यांच्या विहिरींना दुसरी एक खोड होती. नारू झालेली माणसं पाण्यात पाय बुडवून उभी राहायची आणि ते पाणी पिणाऱ्यांना नारू व्हायचा. पायातून सुतासारखा लांब जंत निघायचा तो नारू. आमच्यातल्या वयस्करांनी तो पाहिलेला आहे. १९८० च्या दशकात देशभर मोहीम झाली, पायऱ्यांच्या विहिरी बंद करून कठड्याच्या करण्यात आल्या, पाणी गाळून पिण्याची शिकवण झाली. फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. बायांनी पदराच्या दुहेरी फडक्यानं पाणी गाळलं, त्याचा यात वाटा फार मोठा आहे. तो कुठं लिहिलेला सहसा सापडत नाही, म्हणून इथं बोलून ठेवतो.

आता अंतराकडे येऊ. विहिरीपासून किती लांब राहायचं, हा नियम आपल्याकडे जुनाच आहे. पण तो घाणीसाठी नव्हता, माणसांसाठी होता. गावच्या विहिरीपासून कोणी किती लांब उभं राहायचं, हे जात ठरवायची. दलित बाई कठड्यापासून दूर बसून राहायची, कोणी वरून ओंजळीत किंवा मडक्यात पाणी ओतेल तर ओतेल, नाहीतर झिऱ्याकडे जायची. आणि सवर्ण घरातलीसुद्धा बाई महिन्यातले ते चार दिवस "कावळा शिवला" म्हणून आडाच्या आसपास फिरकायची नाही. दोन्हींचा विटाळ एका मापाचा नव्हता, हे खरं. एकीचा चार दिवसांत फिटायचा, दुसरीचा जन्मभर नाही.

या अंतराविरुद्धची लढाई अमरावतीत लढली गेली आहे आणि तिचा आपल्याला अभिमान असायला हवा. मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमरावतीच्या परिषदेचे अध्यक्ष होते, आणि अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न तिथं पेटलेला होता. त्या चळवळीत उभे राहिलेले डॉ. पंजाबराव देशमुख, आपल्याच पापळ गावचे, १९२८ मध्ये अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी जिल्ह्यातल्या सार्वजनिक विहिरी अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुल्या केल्या. लोक त्यांना शेतीमंत्री आणि शिक्षणमहर्षी म्हणून ओळखतात. आमच्या मते विहिरींचं हे काम त्या दोन्हींच्या तोडीचं आहे. पुढे राज्यघटना आली. तिच्या १५ व्या कलमात नोकऱ्या आणि शाळांसारखे मोठमोठे शब्द येतील असं वाटतं, पण तिथं चक्क विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते असे शब्द आहेत. सरकारी पैशातून राखलेल्या किंवा सार्वजनिक वापरासाठी दिलेल्या विहिरीवर जातीवरून कोणाला अडवता येणार नाही, असं घटनेनं लिहून ठेवलं. देशाच्या घटनेत विहीर यावी, यावरूनच कळतं की तिच्या कठड्यावर काय काय घडत होतं.

म्हणजे माणसाला लांब ठेवणारं अंतर खोटं निघालं. मग खरं अंतर कोणतं? ते सापडलं ते इथून फार दूर, लंडनमध्ये, आणि तिथंही गोष्ट एका घराची, एका विहिरीची आणि एका आईची आहे.

१८५४ च्या ऑगस्टच्या अखेरीस लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात पटकीची साथ फुटली. पटकी म्हणजे कॉलरा. थोड्याच दिवसांत सहाशेच्या वर माणसं गेली. तेव्हाचे डॉक्टर म्हणत, रोग हवेतून, दुर्गंधीतून येतो. जॉन स्नो नावाचे डॉक्टर मात्र घरोघर फिरले आणि मेलेली माणसं कुठलं पाणी प्यायची ते विचारत गेले. बहुतेकांचं उत्तर एकच, ब्रॉड स्ट्रीटच्या विहिरीवरच्या पंपाचं. ते पाणी गोड म्हणून प्रसिद्ध होतं. दूर राहायला गेलेली एक म्हातारी बाई चवीपायी रोज ते पाणी मागवून घ्यायची, तीही गेली. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढण्यात आला.

पण विहिरीत घाण गेली कुठून, हे स्नोंनाही तेव्हा कळलं नव्हतं. ते शोधलं हेन्री व्हाइटहेड नावाच्या तरुण पाद्र्यानं. विहिरीसमोरच्या ४० नंबरच्या घरात एक तान्ही मुलगी साथीच्या अगदी सुरुवातीला हगवणीनं आजारी पडून वारली होती. तिच्या आईनं बाळाचे घाण कपडे बादलीत भिजवले आणि ते पाणी घरापुढच्या मैलाटाकीत ओतलं. कोणतीही आई तेच करील. पुढच्या वर्षी खणून पाहिलं तर त्या टाकीच्या विटा ढिल्या होऊन गळत होत्या आणि टाकीपासून विहिरीची भिंत तीन फुटांपेक्षाही कमी अंतरावर होती. आपल्या परसातल्या धुण्याच्या दगडाएवढं अंतर. आम्ही ही गोष्ट वाचली तेव्हा बराच वेळ गप्प होतो. त्या आईला पुढे कोणी हे सांगितलं असेल का, असं एकीनं विचारलं. उत्तर कोणाकडेच नव्हतं.

वऱ्हाडालाही पटकी नवी नव्हती. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत भुकेच्या मागोमाग ती आली. दुष्काळात विहिरींचा तळ दिसू लागतो, उरल्यासुरल्या पाण्यावर सारं गाव तुटून पडतं, आणि एका माणसाचा रोग सगळ्यांचा होतो. त्याच दशकात आग्र्याचे सरकारी शास्त्रज्ञ हँकिन यांनी विहिरीत पोटॅशियम परमँगनेट टाकून पाणी शुद्ध करण्याचा प्रचार केला. तीच आपल्या म्हाताऱ्यांच्या आठवणीतली लाल दवा. पाणी गुलाबी झालं की बाया म्हणायच्या, इहिरीत कुंकू सांडलं. आता तिची जागा पांढऱ्या टीसीएल पावडरीनं घेतली आहे.

हे सगळं चालू होतं तोवर विहीर बाईची होती. ती सोडली कधी? आमच्या मते १९७२ च्या दुष्काळानंतर. त्या काळात खडक फोडणारी बोअरची यंत्रं गावोगाव आली. मागोमाग हापशी आली. तिचा आराखडा सोलापूरच्या हातपंपावरून घेतलेला आहे, पुढे तोच सुधारून इंडिया मार्क दोन या नावानं जगभर गेला, हे सांगताना आम्हाला उगीचच मोठेपणा वाटतो. मग विजेची मोटर, मग नळ. अकोट-तेल्हाऱ्याकडे वान धरणाची चौऱ्यांशी खेडी योजना, दर्यापूर-अंजनगावकडे शहानूरचं पाणी, अमरावती शहराला सिंभोऱ्याच्या अप्पर वर्ध्याचं, अकोल्याला महानच्या काटेपूर्णेचं. बोअर खोल खोल गेली तशी उथळ विहीर आटली. नळ आला तशी तिच्यावरची वर्दळ गेली. वर्दळ गेली की गाळ काढणं थांबतं, कठडा ढासळतो, पिंपळ उगवतो, आणि एक दिवस कोणीतरी निर्माल्याची पिशवी टाकतं. तिथून उकिरड्यापर्यंतचा रस्ता फार लहान.

दुसरीकडे घर वाढत होतं. तीन भावांत वाडा वाटला गेला, एकाच्या वाट्याला पुढचा दरवाजा आला, दुसऱ्याच्या वाट्याला परस आणि विहीर. अमरावतीच्या जुन्या परकोटात तर घराला घर असं लागलेलं आहे की विहिरीशेजारची जागा हीच काय ती मोकळी. आणि मागच्या अंगाला काय बांधलं जातं? न्हाणी आणि संडास. हे बायांनीच मागितलं, भांडून मागितलं, आणि बरोबर मागितलं. अंधाराची वाट बघत पोट आवळून बसणं काय असतं, हे पुरुषांना सांगून कळत नाही. २०१४ नंतर घरोघर संडास झाले, त्यांचे खड्डे खणले गेले. पण खड्डा कुठं घ्यायचा, हे विचारायला मिस्त्रीला वेळ नव्हता. घराच्या मागे, नजरेआड, हीच जागा सगळ्यांना सुचली. तिथंच विहीर होती.

नियम काय सांगतो ते ऐका. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून शोषखड्डा निदान १८ मीटर लांब हवा, आणि साधा संडास किंवा कचऱ्याचा खड्डा निदान १५ मीटर. शिवाय विहीर चढाला हवी, संडास उताराला. आपल्या राज्याच्या बांधकाम नियमांतही हे आहे आणि भारतीय मानकांतही. १८ मीटर म्हणजे किती? दोन नऊवारी लुगडी टोकाला टोक लावून अंथरा, वर आणखी पाच फूट घाला. एकोणसाठ फूट झाले. आता हसू नका. सरकारी घरकुलाचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर. पूर्ण घरच वीस फुटांत बसतं, तिथं एकोणसाठ फूट कुठून आणायचे? नियम करणाऱ्यांना मोकळं शिवार दिसत असावं, गावठाण नव्हे. तरीही अंतराचा हा हिशेब चुकीचा नाही. जमीन हीच गाळणी आहे. पाणी मातीतून जितकं सावकाश आणि जितकं लांब जाईल तितके जंतू वाटेत मरतात.

यात आपल्या काळ्या मातीचा एक कावा आहे. ती पावसाळ्यात ओली झाली की फुगते, पाणी शोषून घेत नाही, मग शोषखड्डा तुंबतो. उन्हाळ्यात हीच माती इतकी भेगाळते की भेगेत हात जातो. पहिल्या पावसात वरची सगळी घाण त्या भेगांतून, कुठंही न गाळता, सरळ खाली. म्हणून जून-जुलैचं विहिरीचं पाणी सगळ्यात वाईट. आपल्याच जिल्ह्यात, चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीला, जुलै २०२२ मध्ये नळाचं पाणी बंद असताना लोक विहिरीचं दूषित पाणी प्याले. शेकडो आजारी पडले, काहींचा जीव गेला. लंडनच्या गोष्टीला तेव्हा एकशे अडुसष्ट वर्षं झाली होती.

आणि एक गोष्ट. पाणी उकळलं की जंतू मरतात, पण संडासाच्या झिरप्यातून आलेलं नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटल्यानं दाट होतं. एका लिटरमध्ये ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट असलेलं पाणी पिण्यालायक मानत नाहीत. वरचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला त्यानं धोका होतो, अंग निळसर पडतं. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायांना पाणी तपासायचं शिकवायचं ठरलेलं आहे. तुमच्या गावातल्या त्या पाच कोण, ते शोधा, आणि नसतील तर ग्रामसभेत विचारा.

एवढी शिदोरी बांधून आम्ही त्या बाईंच्या घरी गेलो. घर जुनं, मातीच्या भिंतींचं, वर आता टिनं. मागच्या भिंतीपासून विहिरीच्या कठड्यापर्यंत २२ फूट. विहीर दगडी, चुन्यात बांधलेली, आत एका बाजूला बांधकामातून वडाची मुळी आलेली. पाणी गोडं. आम्ही प्यालो नाही, पण सासूबाईंनी चूळ भरून दाखवली.

मिस्त्रीचं म्हणणं, १२ फुटांची खोली काढली तरी १० फूट राहतात की. आमच्याबरोबर एक बांधकाम अभियंता मुलगी होती, तिनं काठीनं जमिनीवर रेघा ओढून समजावलं. खोलीचं वजन पायाखाली सरळ उतरत नाही, ते तिरकं पसरत जातं. विहीर खोल असली की ते पसरत जाऊन विहिरीच्या भिंतीला भिडतं. गोल बांधकाम चहूकडून सारखा दाब असला की एकमेकांत घट्ट बसतं, शंभर वर्षं हलत नाही. एका बाजूनं जास्त दाब आला की तेच गोल चेपतं, एक चिरा सुटतो, मग मागची माती सुटते. आणि माती विहिरीकडे सरकली की खोलीच्या पायाखाली पोकळी. म्हणजे खोली विहिरीला पाडते आणि विहीर खोलीला. त्यात न्हाणीचं पाणी रोज तिथंच मुरणार. काळ्या मातीवर तर पाया तसाही मुरमापर्यंत न्यावा लागतो, नाहीतर दोन पावसाळ्यांत भिंतीला तडे. मिस्त्री अनुभवी माणूस होता, रागावला नाही. म्हणाला, "म्हून तं म्हन्तो, बुजवा."

बुजवण्यानं प्रश्न मिटत नाही. लोक विहीर बुजवतात ती विटांचे तुकडे, पऱ्हाट्या, प्लास्टिक, घरातली मोडतोड टाकून. हा भराव वर्षानुवर्षं दबत राहतो, कुजतो, वर बांधलेलं खचतं. शिवाय भूगर्भातलं पाणी तिथलंच आहे, आता त्यात कचरा आहे इतकंच. बुजवायचीच झाली तर आतला गाळ-कचरा काढून, स्वच्छ वाळू-मुरमाचे थर ठोकत वरपर्यंत आणावे लागतात, आणि तरी त्यावर खोली बांधू नये, अंगण ठेवावं.

सगळ्यात वाईट म्हणजे वर स्लॅब टाकून मोकळं होणं. खाली विहीर आहे हे घरातली पुढची पिढी विसरते. ३० मार्च २०२३ ला, रामनवमीच्या दिवशी, इंदूरच्या एका मंदिरात जुन्या बारवेवर टाकलेली फरशी खचली आणि ३६ माणसं गेली. त्याआधी फेब्रुवारी २०२२ मध्ये उत्तर प्रदेशातल्या कुशीनगर जिल्ह्यात लग्नघरच्या बाया विहिरीच्या पूजेला जमल्या होत्या, विहिरीवरचं झाकण तुटलं आणि १३ बाया-मुली गेल्या. पूजा विहिरीची, आणि विहीर कोणाला दिसत नव्हती.

त्या दिवशी आम्हाला आणखी एक कळलं. मिस्त्री चहाला गेल्यावर घरधनीण आत घेऊन गेली आणि हळू आवाजात म्हणाली, विहीर बुजवायची इच्छा तिची स्वतःचीही होती. गावात एकीनं विहीर जवळ केली होती, वर्षं झाली, पण सून येणार म्हणताना तेच मनात येतं. मराठीत या गोष्टीला "जवळ करणं" म्हणतात, जसं काही आईला मिठी मारावी. किती विहिरींवर जाळी बसली, किती बुजवल्या गेल्या, त्यामागे पाण्याचं कारण नव्हतं, हे आपल्याला ठाऊक असतं आणि आपण बोलत नाही. आम्ही तिला म्हटलं, जाळी बसवा, जरूर बसवा. पण येणाऱ्या मुलीला वाटेल तेव्हा बोलता येईल अशी एक जागाही घरात ठेवा. ती जागा मिस्त्रीला बांधता येणार नाही. आणि हे भाषण ऐकणाऱ्या कोणाच्या मनात आज तसा विचार घोळत असेल, तर बाई, आत्ता शेजारणीचं दार वाजवा, किंवा १४४१६ हा टेली-मानसचा नंबर फिरवा. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात.

मग तोडगा काय निघाला? तो आमच्यामुळे निघाला असं म्हणणार नाही. सासूबाईंनी काढला. घराच्या बाजूला, रस्त्याकडे, गोठा होता. बैल विकून चार वर्षं झालेली, गोठ्यात नुसतं कुटाराचं पोतं आणि मोडका वखर. म्हातारी म्हणाली, "गोठा पाडा ना. इहिरीच्या मांगं कायले लागले?" सगळे एकमेकांकडे पाहत राहिले. गोठा हा आज्यासासऱ्याचा, तो पाडायचं म्हणायला कोणाचीच जीभ रेटत नव्हती, आणि ज्यांच्या भीतीनं रेटत नव्हती त्याच बोलल्या.

गोठ्याच्या जागी खोली. तिथून विहीर चाळीस फुटांवर. संडासाचे दोन खड्डे आणखी पुढे, रस्त्याच्या कोपऱ्याला, उताराच्या बाजूला. यावर मात्र भांडण झालं. "दारात संडास? पाव्हने काय म्हनतीन?" हे सासूबाईंचं नव्हे, घरच्या पुरुषांचं म्हणणं होतं. दोन महिने ते अडून राहिले. शेवटी मोजलं तेव्हा खड्ड्यापासून विहिरीपर्यंत एकावन्न फूट भरले. १५ मीटरच्या थोडं वर, १८ च्या आत. म्हणून प्यायला नळाचंच पाणी, विहिरीचं धुण्याभांड्याला, आणि वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, तपासणी. कठडा पुन्हा बांधला, कमरेच्या वर. भोवती सिमेंटचा ओटा, बाहेरच्या बाजूला उतार दिलेला, म्हणजे सांडलेलं पाणी परत आत मुरत नाही. वडाची मुळी कापून चिरा चुन्यात बसवला. आणि नव्या खोलीच्या स्लॅबवरचं पावसाचं पाणी, पहिला पाऊस वाहून जाऊ दिल्यावर, वाळू-गिट्टीच्या टाकीतून गाळून नळीनं विहिरीत सोडायचं ठरलं. खारपाणात त्याचा उपयोग आहे. पावसाचं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, ते वरच्या अंगाला राहतं.

खर्च मिस्त्रीच्या पहिल्या अंदाजापेक्षा जास्त झाला. मोटारसायकल घ्यायची होती, ती राहिली. मुलगा थोडा नाराज आहे.

लग्न वैशाखात झालं. आम्हाला बोलावणं होतं, आम्ही दोघी गेलो. मांडवाखालून नवी नवरी विहिरीच्या पूजेला निघाली तेव्हा म्हातारीनं आधी पुढे जाऊन जाळीचं कुलूप हातानं ओढून पाहिलं, ओट्यावर सगळ्यांना चढू दिलं नाही, पाच सवाशिणी वर आणि बाकीच्या खाली उभ्या केल्या. मग हळदीकुंकू वाहिलं. जाळीतून वाकून पाहिलं तर पाणी पार खाली, पंचवीसेक फुटांवर, चमकत होतं. नळी अजून कोरडी होती.